सरसा नदीत ग्रंथ वाहून गेले, तरी गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला ग्रंथालाच गुरू का केलं?

लातूरला आमचा एक मित्र आहे. सॉफ्टवेअर लिहितो. मध्यंतरी त्यानं एका क्लाससाठी फीच्या हप्त्यांचा ऑनलाइन फॉर्म तयार केला. पालकांनी एकेका ओळीत हप्त्याची तारीख आणि रक्कम भरायची, बटण दाबायचं, की सगळी यादी सर्व्हरवर जमा.

झालं असं की एका पालकानं सहा ओळी भरल्या. तिसरी चुकली म्हणून खोडली आणि बटण दाबलं. सर्व्हरवर पाच हप्ते यायला हवे होते. आले फक्त दोन.

एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. उलट स्क्रीनवर हिरवी खूण करून माहिती जमा झाल्याचा मेसेज आला. म्हणजे तीन हप्ते गेले आणि गेले हेही कुणाला कळलं नाही.

मित्रानं दोन रात्री आधी इंटरनेटला आणि मग डेटाबेसला शिव्या घातल्या. शेवटी त्यानं ब्राउझरमधून नेमकं काय बाहेर पडतंय ते उघडून पाहिलं. पाचही ओळी व्यवस्थित बाहेर पडत होत्या. घोळ पलीकडच्या टोकाला होता. प्रत्येक ओळीला शून्यापासून क्रमांक होता. तिसरी ओळ खोडल्यावर ० आणि १ नंतर थेट ३ येत होता. सर्व्हरवरचा कोड क्रमानं मोजत गेला, २ सापडला नाही, आणि यादी इथंच संपली असं समजून थांबला.

म्हणजे वाटेत काहीच हरवलं नव्हतं. मोजणीत भोक पडलं होतं, आणि एकूण किती यायला हवेत हे पलीकडच्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता हे सगळं सांगायचं कारण काय?

कारण लातूरपासून काही तासांच्या अंतरावर नांदेड आहे. तिथं विष्णुपुरीला एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे. मराठवाड्यातली हजारो पोरं तिथून शिकून बाहेर पडली. त्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे, नांदेडच्या विमानतळालाही ज्यांचं नाव आहे, त्या श्री गुरू गोविंदसिंगजींच्या आयुष्यात हाच प्रश्न फार मोठ्या रूपात उभा होता. अनेक पिढ्यांनी गोळा केलेला एक संग्रह पुढच्या पिढीच्या हातात द्यायचा आहे. त्यातलं एकही पद गळता कामा नये, एकही भलतं पद घुसता कामा नये, आणि तसं झालंच तर ते कुणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे.

ही तुलना श्रद्धेची नाही, जपण्याच्या पद्धतीची आहे. तेवढं लक्षात ठेवून पुढं जाऊ.

पाटण्यात जन्म, नवव्या वर्षी गादी

२२ डिसेंबर १६६६. बिहारमधल्या पाटण्यात नववे गुरू तेगबहादूर आणि माता गुजरी यांच्या पोटी मुलगा झाला. नाव ठेवलं गोविंदराय. पहिली काही वर्षं पाटण्यात गेली, मग कुटुंब पंजाबात आलं. शिवालिकच्या पायथ्याशी तेगबहादुरांनी वसवलेलं गाव होतं, त्यालाच आपण आज आनंदपूर साहिब म्हणतो.

नोव्हेंबर १६७५ मध्ये औरंगजेबाच्या हुकमानं दिल्लीच्या चांदणी चौकात गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला. गोविंदराय तेव्हा नऊ वर्षांचेही पूर्ण झाले नव्हते. त्या वयात ते शिखांचे दहावे गुरू झाले.

गुरू गोविंदसिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घोडा, निळी वेशभूषा, हातात बाण असं चित्र येतं. ते बरोबरच आहे, पण अर्धंच. दुसरी बाजू आहे लेखणीची. ब्रज, फारसी, पंजाबी या भाषांत ते लिहायचे. १६८५ च्या सुमारास ते यमुनाकाठी पाँवटा इथं राहायला गेले. तिथं आणि पुढं आनंदपुरात त्यांच्या दरबारी ५२ कवी होते असं शीख परंपरा सांगते. महाभारतातली पर्वं आणि इतर संस्कृत ग्रंथ लोकांच्या भाषेत आणायचं काम तिथं चालायचं. संस्कृत शिकायला त्यांनी काही शिखांना काशीला पाठवलं होतं, असंही परंपरा सांगते.

या सगळ्या लिखाणाचा एक प्रचंड संग्रह झाला. त्याला विद्यासागर म्हणत. त्याचं वजन नऊ मण होतं असं सांगतात.

हा संग्रह लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

पंचप्यारे आणि बीदरचे साहिबसिंग

१६९९ ची बैसाखी. आनंदपुरात हजारोंचा मेळा भरला होता. गुरूंनी हातात नंगी तलवार घेऊन शिर देणारा कोण आहे असं विचारलं. एकेक करून पाच जण उठले. हेच पंचप्यारे, आणि इथंच खालसा पंथाची स्थापना झाली. गोविंदरायांनी आधी त्या पाचांना दीक्षा दिली आणि मग त्यांच्याकडूनच स्वतः घेतली. तेव्हापासून ते गोविंदसिंग झाले.

हे पाच कुठले होते? लाहोरचे दयासिंग, हस्तिनापूरचे धरमसिंग, जगन्नाथपुरीचे हिंमतसिंग, द्वारकेचे मोहकमसिंग आणि बीदरचे साहिबसिंग. वेगवेगळ्या जातींचे आणि देशाच्या वेगवेगळ्या टोकांचे. साहिबसिंग नाभिक समाजातले.

आता बीदर म्हटलं की आपल्याला वाटतं ते कर्नाटकात. पण उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे आजच्या लातूर जिल्ह्यातले तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. म्हणजे खालसाच्या पहिल्या पाचांतला एक माणूस परंपरेनं आपल्या शेजारचा. लातूरकरांनी हे एकदा तरी मिरवायला हरकत नाही.

शंभर वर्षांपूर्वीची तयारी

इथं थोडं मागं जाऊ, कारण गुरू गोविंदसिंगांच्या हाती जो ग्रंथ आला तो आधीच फार काळजीपूर्वक बांधलेला होता.

पाचवे गुरू अर्जनदेव यांच्या काळात एक अडचण उभी राहिली. गुरूंच्या नावानं भलतीच लोकं पदं रचून खपवत होती. प्रत्येक गुरू पदाच्या शेवटी नानक हीच मुद्रा वापरायचे. त्यामुळं खरं कुठलं आणि बनावट कुठलं हे ओळखणं अवघड झालं. मग अर्जनदेवांनी सगळीकडून पदं गोळा केली, पारखली आणि भाई गुरदास यांच्याकडून एक अधिकृत प्रत लिहून घेतली. १६०४ मध्ये ती अमृतसरच्या हरिमंदिरात ठेवली. हाच आदिग्रंथ.

या ग्रंथाची रचना सॉफ्टवेअरवाल्या कुणाही माणसानं बघावी अशी आहे.

पहिली गोष्ट, ओळख. सगळ्यांची मुद्रा नानक, मग कुणाचं पद कुठलं? त्यासाठी प्रत्येक रचनेच्या वर महला आणि आकडा लिहिला. महला १ म्हणजे गुरू नानक, महला ३ म्हणजे गुरू अमरदास, महला ५ म्हणजे स्वतः अर्जनदेव. नाव सारखं असलं तरी आकड्यामुळं घोटाळा होत नाही.

हे नसतं तर काय झालं असतं? त्याचं उदाहरण मराठीतच आहे. आपल्या संत नामदेवांच्या नावावर जी गाथा आहे, तिच्यात नामा ही मुद्रा असलेले अभंग आहेत. पण ती मुद्रा पुढच्या काळात विष्णुदास नामा आणि इतरांनीही वापरली. मूळ नामदेवांचं कुठलं आणि नंतरच्यांचं कुठलं हे वेगळं करताना अभ्यासकांना आजही घाम फुटतो. कॉम्प्युटरच्या भाषेत बोलायचं तर दोन वेगळ्या नोंदींना एकच की दिली गेली. अशा वेळी सर्व्हर बहुतेकदा शेवटची नोंद ठेवतो आणि आधीची गिळून टाकतो.

गंमत म्हणजे याच नामदेवांची सुमारे ६० पदं आदिग्रंथात आहेत. तिथं ती भगत नामदेव अशा वेगळ्या मथळ्याखाली आहेत, आकडे टाकून. हिंगोलीचं नरसी हे नामदेवांचं गाव मानलं जातं. नांदेडपासून ते फार लांब नाही.

दुसरी गोष्ट, मोजणी. ग्रंथात प्रत्येक कडव्याला आकडा आहे. पद संपलं की त्यात कडवी किती ते लिहिलेलं. त्यापुढं त्या गटातलं हे कितवं पद तेही लिहिलेलं. उदाहरणार्थ, श्रीरागात गुरू नानकांचे ३३ शबद आहेत. त्यानंतर गुरू अमरदासांचा पहिला शबद येतो. त्याच्या शेवटी कडव्यांचा आकडा येतो, मग १ येतो, म्हणजे या गुरूंचा पहिला. आणि मग ३४ येतो, म्हणजे आतापर्यंतचे एकूण.

विचार करा. कुणी मधलं एक पद काढलं किंवा एखादं घुसवलं, तर एक आकडा चुकत नाही. पुढची सगळी बेरीज बिघडते. नकलून घेणाऱ्याकडून एखादं पान सुटलं तरी तेच. लातूरच्या मित्राच्या फॉर्मला नेमकं हेच नव्हतं.

तिसरी गोष्ट, शेवट. ग्रंथाच्या अखेरीकडे अर्जनदेवांची मुंदावणी नावाची रचना आहे. मुंदावणीचा एक अर्थ मोहोर असा सांगतात. पत्र संपलं की लाख लावून शिक्का मारावा तसं. आज वेबवर माहिती पाठवताना तिची एकूण लांबी आधीच कळवायची सोय असते ती याचसाठी. जेवढं सांगितलं तेवढं आलं नाही तर घेणाऱ्याला कळावं, की अर्धंच पोचलंय.

एक शब्द बदलला आणि मुलगा गेला

एवढी कडक व्यवस्था का, याचं उत्तर एका प्रसंगात आहे.

सातवे गुरू हरराय यांचा मोठा मुलगा रामराय. औरंगजेबाच्या दरबारात त्याला गुरू नानकांच्या एका ओळीबद्दल विचारणा झाली. बादशहाची मर्जी राखायला रामरायनं त्या ओळीतला एक शब्द बदलून सांगितला.

फक्त एकच शब्द. पण हररायांना ते कळलं आणि त्यांनी मुलाशी संबंध तोडला. गादीही त्याला न देता धाकट्या हरकिशनना दिली.

घराण्यातल्या मोठ्या मुलापेक्षा एका शब्दाची किंमत जास्त ठरली. गुरू गोविंदसिंग या परंपरेत वाढले होते.

सरसा नदी

आता मूळ कथेकडे येऊ.

खालसा उभा राहिला तशी आजूबाजूच्या पहाडी राजांना धडकी भरली. त्यांनी मुघलांची मदत घेतली आणि आनंदपूरला वेढा पडला. तो महिनोन् महिने चालला. आत धान्य संपलं. शेवटी बाहेरून शपथा घेऊन वचन आलं, की किल्ला सोडा, सुखरूप जाऊ देतो.

१७०४ च्या डिसेंबरात, काही इतिहासकारांच्या मते १७०५ मध्ये, कडाक्याच्या थंडीत रात्री सगळे बाहेर पडले. वचन मोडलं गेलं आणि मागून हल्ला झाला. समोर सरसा नदी पुरानं फुगलेली.

त्या रात्री नदी ओलांडताना किती माणसं वाहून गेली याची मोजदाद नाही. विद्यासागरही त्याच पाण्यात गेला. कित्येक वर्षांची, कित्येक कवींची मेहनत एका रात्रीत संपली.

आणि कुटुंब फुटलं. वृद्ध माता गुजरी आणि जोरावरसिंग, फतेहसिंग ही दोन लहानगी एका बाजूला गेली. गुरू, अजितसिंग, जुझारसिंग आणि मोजके शीख दुसऱ्या बाजूला. त्या जागी आज परिवार विछोडा नावाचा गुरुद्वारा आहे. विछोडा म्हणजे ताटातूट.

चमकौरच्या गढीत झालेल्या लढाईत अजितसिंग आणि जुझारसिंग दोघंही मारले गेले. बीदरचे साहिबसिंगही तिथंच पडले. इकडे सरहिंदच्या वझीरखानानं जोरावरसिंग आणि फतेहसिंग यांना ठार मारलं. नातवांच्या मागोमाग माता गुजरीही गेल्या. २०२२ पासून देशभर २६ डिसेंबरला वीर बाल दिवस पाळला जातो, तो या दोन लहान साहिबजाद्यांच्या आठवणीसाठी.

आठवडाभरात चार मुलं आणि आई गेली. आयुष्यभराचं लिखाण नदीत गेलं. तेव्हा गुरूंचं वय चाळीशीच्या आत होतं.

उत्तर आलं नाही, म्हणून स्वतः निघाले

अशा अवस्थेत माणूस काय करेल? गुरूंनी पत्र लिहिलं.

फारसीत, कवितेत, थेट औरंगजेबाला. त्याचं नाव जफरनामा, म्हणजे विजयाचं पत्र. हरलेल्या दिसणाऱ्या माणसानं जिंकलेल्या दिसणाऱ्या बादशहाला लिहिलेलं. शपथ मोडणारा हरतो, असा त्याचा रोख होता.

बादशहा तेव्हा आपल्याकडे, दख्खनमध्ये, अहमदनगरला मुक्कामाला होता. पंजाबातून इथवर पत्र पोचवायचं काम भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग यांच्यावर आलं. दोघंही पंचप्यारे, दोघंही चमकौरमधून वाचलेले. पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती न देता बादशहाच्याच हाती द्यायचं होतं, त्यामुळं दख्खनमध्ये त्यांना बरंच ताटकळावं लागलं.

इकडे गुरूंना काहीच कळेना. पत्र पोचलं की नाही? वाचलं की नाही? नेटवर्कचा अभ्यास केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. माहिती पाठवली, पण पोच आली नाही. अशा वेळी कॉम्प्युटर थोडा वेळ वाट बघतो आणि पुन्हा पाठवतो. गुरू १७०६ मध्ये स्वतःच दक्षिणेकडे निघाले. वाटेत, राजस्थानात, त्यांना बातमी मिळाली की औरंगजेब अहमदनगरात वारला. ते १७०७ चे सुरुवातीचे महिने होते.

आठवणीतून उभा राहिलेला ग्रंथ

पण दक्षिणेकडे निघण्याआधी एक महत्त्वाचं काम झालं होतं.

चमकौरनंतर गुरू माळव्यातल्या तलवंडी साबो इथं काही महिने राहिले. त्या जागेला आज दमदमा साहिब म्हणतात. दम घेण्याची, विसाव्याची जागा. पण विसावा नावापुरताच होता.

१६०४ ची मूळ प्रत तेव्हा गुरूंकडे नव्हती. ती करतारपूरला धीरमल याच्या घराण्याच्या ताब्यात होती. धीरमल हा गुरुघराण्यातलाच, पण गादीवर दावा सांगणारा. मागं एकदा तेगबहादुरांच्या शिष्यांनी ती प्रत त्याच्याकडून आणली होती, तर तेगबहादुरांनी ती परत करायला लावली असं परंपरा सांगते. आता गुरू गोविंदसिंगांनी ती मागितली तेव्हा त्या घराण्यानं नकार दिला. वर टोमणा मारला, की गुरू असाल तर स्वतःच तयार करा.

परंपरा सांगते की गुरूंनी दमदम्याला संपूर्ण ग्रंथ स्मरणातून सांगितला आणि भाई मणिसिंग यांनी तो लिहून घेतला. त्यात वडिलांच्या, म्हणजे तेगबहादुरांच्या रचना जोडल्या. हे ५९ शबद आणि ५७ श्लोक. महला ९ या खुणेनं ते ओळखता येतात. नववे गुरू जयजयवंती रागात लिहीत, तो राग आधी ग्रंथात नव्हता. तो धरून रागांची संख्या ३१ झाली. नववे गुरूंच्या रचना असलेली याआधीची काही हस्तलिखितंही अभ्यासकांना मिळाली आहेत, त्यामुळं हे काम नेमकं किती टप्प्यांत झालं यावर चर्चा चालते. पण दमदम्याची प्रत हीच पुढं प्रमाण मानली गेली, यावर वाद नाही.

दोन संग्रहांचं काय झालं ते शेजारी शेजारी ठेवून बघा.

विद्यासागर एका जागी होता. त्याच्या प्रती गावोगावी नव्हत्या, रोज म्हणणारी माणसं नव्हती. नदीत गेला तो गेला. गुरूंच्या स्वतःच्या रचना त्यांच्यामागं इकडून तिकडून जमवाव्या लागल्या. आज आपण ज्याला दशम ग्रंथ म्हणतो तो असा नंतर संकलित झाला. त्यातलं गुरूंचं कुठलं आणि दरबारी कवींचं कुठलं, हा वाद अजून मिटलेला नाही.

आदिग्रंथाची मूळ प्रत तर हाताशीही नव्हती. तरी तो वाचला. कारण तो लोकांच्या तोंडात होता, गावोगावच्या नकलांमध्ये होता, आणि त्याच्या प्रत्येक पानावर स्वतःची मोजणी होती. एका जागी बिघडलं तर दुसऱ्या जागेवरून तपासता येत होतं.

आणखी एक गोष्ट. दशम गुरूंनी या ग्रंथात वडिलांचं लिखाण घातलं, स्वतःचं वेगळं ठेवलं, असं परंपरा मानते. हातात लेखणी असताना, स्वतः एवढा मोठा कवी असताना.

नांदेड, १७०८

औरंगजेबानंतर गादीसाठी लढाई झाली आणि बहादूरशाह बादशहा झाला. १७०७ च्या जुलैत आग्र्याला त्याची आणि गुरूंची भेट झाली. पुढं बादशहा आपल्या भावाशी, कामबक्षाशी लढायला दख्खनकडे निघाला. गुरूही त्या छावणीसोबत होते. १७०८ मध्ये ते गोदावरीकाठी नांदेडला पोचले.

इथं त्यांना माधोदास बैरागी भेटला. मूळचा जम्मूकडच्या राजौरीचा, गोदेकाठी मठ करून राहणारा. गुरूंनी त्याला दीक्षा दिली आणि पंजाबात पाठवलं. तोच बंदासिंग बहादूर. मे १७१० मध्ये त्यानं वझीरखानाला लढाईत मारून सरहिंद जिंकलं. म्हणजे पंजाबच्या इतिहासाला वळण देणारा माणूस नांदेडच्या घाटावरून गेला. बंदाघाट आजही आहे.

पण त्याआधीच घात झाला. एका संध्याकाळी पठाण हल्लेखोरानं गुरूंवर खंजिरानं वार केला. वझीरखानानंच मारेकरी पाठवल्याचं सांगतात. बादशहानं शल्यवैद्य पाठवला, जखम शिवली गेली, भरूही लागली. काही दिवसांनी गुरूंनी एक भारी धनुष्य ओढून पाहिलं आणि टाके तुटले.

आता प्रश्न उभा राहिला, पुढचा गुरू कोण?

चारही मुलं गेली होती. पण मुद्दा फक्त वारसाचा नव्हता. आधीच्या जवळपास प्रत्येक गादीच्या वेळी भांडणं झाली होती. कुणी वेगळी गादी मांडली, कुणी मूळ प्रत दाबून ठेवली, कुणी शब्द बदलला. म्हणजे बिघाड वाटेत कमी आणि माणसांच्या टोकाला जास्त होत होता.

गुरूंनी नांदेडला निर्णय दिला, की यापुढं देहधारी गुरू नाही. ग्रंथ हाच गुरू. आदिग्रंथ तेव्हापासून श्री गुरू ग्रंथसाहिब झाला.

७ ऑक्टोबर १७०८ ला गुरू गोविंदसिंगजी नांदेडला ज्योतीज्योत समावले. वय अवघं ४१.

त्या निर्णयाचं पुढं काय झालं?

ज्या जागी अंत्यसंस्कार झाले तिथं महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात गुरुद्वारा बांधून घेतला. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. हाच तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब, शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. २००८ मध्ये ग्रंथाला गुरुपद दिल्याला ३०० वर्षं झाली, तेव्हा देशविदेशातून लोक नांदेडला आले आणि शहराचा चेहराच बदलला.

ग्रंथाचं म्हणाल, तर आज त्याच्या छापील प्रतीला १४३० पानं असतात. पानांना अंग म्हणतात. नांदेडची प्रत घ्या, अमृतसरची घ्या नाहीतर कॅनडातली घ्या. त्याच पानावर तोच मजकूर. एखादं पद कुठं आहे हे सांगायला पानाचा आकडा पुरतो.

सरसेच्या काठावर त्या रात्री काय गेलं याची यादी कुणाकडेच नाही. विद्यासागरात नेमकं काय होतं हे आपल्याला कधीच कळणार नाही, कारण त्याची मोजणी दुसरीकडे कुठं लिहून ठेवलेली नव्हती. हरवण्यापेक्षा हे जास्त वाईट असतं. काय हरवलं हेसुद्धा हरवतं.

लातूरच्या मित्रानं शेवटी काय केलं ते सांगून थांबतो. तीन बदल केले. एक, प्रत्येक हप्त्याला ओळीच्या क्रमांकावर न विसंबणारी वेगळी ओळख दिली, म्हणजे मधली ओळ खोडली तरी बाकीच्या हलत नाहीत. दोन, यादीसोबत एकूण किती ओळी पाठवल्या तो आकडा पाठवायला लागला. तीन, आलेल्या ओळी आणि तो आकडा जुळला नाही तर सर्व्हर हिरवी खूण दाखवतच नाही, सरळ नकार देतो.

मग त्यानं त्या पालकांना फोन करून माफी मागितली आणि राहिलेले तीन हप्ते वहीवरून पुन्हा भरून घेतले. त्यांच्याकडे वही होती म्हणून निभावलं.

नांदेडला गेलात तर सचखंडला दर्शन घ्याच. नगिनाघाट, हिराघाट, मालटेकडी, बंदाघाटही बघा. आणि तिथं पाठ चालू असेल तर दोन मिनिटं शांत बसून ऐका. १६०४ ला अमृतसरात मोजून लिहिलेलं, १७०८ ला नांदेडात गुरुपदी बसवलेलं तेच तुमच्या कानावर पडत असतं, एकही आकडा न चुकता.